लांबडं गाणं आणि तीन नंबरचा माग

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. माझ्या कुशीवर लोखंडातच साल ओतलेलं आहे, १९७४, ते लपवायचं कुठे? पण भंगार म्हणायची घाई करू नका. टेम्पो सोमवारी येणार आहे. तोवर मी माग आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गुरुशांतअप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दारापासून तिसरा. सगळे मला तीन नंबर म्हणतात.

माझी गोष्ट मी एका दमात सांगू शकणार नाही. आडवा धागा तुटला की आपोआप थांबायचं, अशी माझी घडणच आहे. कोणी येऊन सुताची नवी कांडी घातली की मी पुन्हा सुरू होतो. तेव्हा मध्येच थांबलो तर दचकू नका.

आणि ही गोष्ट माझी एकट्याची नाही, हेही आधीच सांगून टाकतो. तिच्यातली निम्मी जागा एका गाण्याने खाल्ली आहे. माझ्या आयुष्यातही त्याने तेच केलं.

ओतशाळेत लाल रस साच्यात पडला आणि मी झालो. लहानपण आम्हाला नसतं. अंग थंड झालं की कामाला लावतात. माझं काम सोपं आहे. उभे धागे ताणून धरायचे, आणि लाकडी धोटा त्यांच्यामधून डाव्या टोकाच्या त्याच्या घरातून उजव्या टोकाच्या परक्या घरात आणि परत फेकायचा. धोट्याच्या पोटात कांडी, कांडीवर सूत. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. खट्, खट्. जा, ये. माझं सगळं शहाणपण या दोन शब्दांत मावतं.

पहिल्या मालकाचा कारखाना बंद पडला तेव्हा अप्पांनी मला इथे आणलं. तेव्हा ते अप्पा नव्हते, नुसते गुरुशांत होते, आणि मिशी नुकती जमायला लागली होती. रोज सकाळी शेड उघडली की ते आधी माझ्या कुशीवर तळवा ठेवत. "काय रं, ताप हाय का आज?" असं विचारत. माझा आवाज जरा बदलला की जेवण टाकून उठत. मी विणलेले टॉवेल लॉजवर गेले, सलूनमध्ये गेले, लग्नाच्या आहेरात टोपीसोबत गेले. व्यापारी आला की अप्पा माझ्याकडे हात करून म्हणत, "ह्यो माझा वाघ!" बाकीचे तीन माग तेव्हा माझ्यावर जळत असतील. मला त्याची जाणीव नव्हती. ज्याच्यावर प्रेम होत असतं त्याला हेवा म्हणजे काय ते समजत नाही. मला ते पुढे समजलं, आणि असं समजलं की

धागा तुटला. थांबा.

हं. तर अप्पांच्या मुलाने, नंदीशने, त्यांना वाढदिवसाला एक स्पीकर आणून दिला. मुठीएवढा, निळ्या दिव्याचा, बिनवायरचा. शेडमध्ये सगळे त्याला डबडं म्हणत. त्याच आठवड्यात अप्पांच्या फोनवर त्यांच्या शाळेतल्या मित्राने, चिंतामणी मास्तरांनी, एक गाणं पाठवलं.

जेवणाची सुट्टी होती. आम्ही माग बंद होतो. माझ्या शेजारी बसव्वा कांड्या भरते. ती भाकरी आणि शेंगाचटणी सोडून बसली होती. अप्पांनी डबडं माझ्या कठड्यावर ठेवलं. माझ्याच अंगावर, बघा! आणि त्यातून एक लांबच लांब सूर निघाला. नुसता सूर. पेटीच्या एकाच पट्टीवर कोणी बोट ठेवून विसरून गेल्यासारखा.

बसव्वाने दोन घास खाल्ले. सूर तिथेच.

"मालक, ह्यो गाणारा कुटं हाय?"

"येतोय की. दम धर."

"माझी भाकरी संपत आली."

"नवरदेव लगीच मांडवात येतोय व्हय बसव्वा?"

"त्यो वरातीत नाचत तरी आसतोय. ह्यो झोपला आसंल."

अप्पा हसले, पण डोळे उघडले नाहीत. हो, त्यांनी डोळे मिटले होते. मित्रांनो, हे नीट ध्यानात ठेवा. इतक्या वर्षांत माझ्यासाठी त्यांनी कधी डोळे मिटले नव्हते. माझ्याकडे ते बघत, तपासत, कानोसा घेत. मिटलेले डोळे त्या परक्याला मिळाले.

गाणं संपेपर्यंत भाकरी संपली, ताक संपलं, बसव्वाची तंबाखूही मळून झाली. मग अप्पांनी तिला सांगितलं. चिंतामणी मास्तरांचे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून एक तबकडी आणली होती, गोऱ्या पोरांच्या बँडची. तबकडीच्या पहिल्या बाजूला एक छोटं, उड्या मारणारं गाणं होतं. गल्लीतली सगळी पोरं मास्तरांच्या घरी जमून तेच लावत. दुसऱ्या बाजूला हे. लांबडं.

"कुणी लावूच द्यायचं न्हाय," अप्पा म्हणाले. "म्हणायचे, बंद कर, रडं हाय. मी एकटाच मागं लागायचो, चिंत्या, उलटी कर की रं, उलटी कर. त्याची आई पाणी भराय गेली की त्यो लावायचा माझ्यासाठी. पुढं त्यो बँड बी मोडला म्हणं. त्यांच्या देशात बी कुणी ऐकलं न्हाय हे."

"मग तुमीच कशाला ऐकताव?"

अप्पांनी जरा विचार केला. "आता कसं सांगू तुला? मी गिरणीत लागलो त्या साली आयकलं. सकाळी उठून जायचं, सांच्याला यायचं. वाटलं, ह्यांला माझं म्हाईत हाय."

आणि मग मला लागलेलं ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. माझ्या कुशीवरचं साल त्यांना अचानक दिसलं असावं. "आरं! चौऱ्याहत्तर! ते गाणं बी चौऱ्याहत्तरचंच की. जुळी भावंडं म्हणायची ही." मग मान हलवून म्हणाले, "पर ह्याला सुरकुती न्हाय बघ."

ह्याला म्हणजे त्याला. मला नाही.

सुरकुती का नाही, तेही मास्तरांनीच नंतर फोनवर सांगितलं. तबकडीवरून गाणी फोनमध्ये उतरवून घेताना पहिली बाजू वाजेचना. सगळ्यांनी लाडाने वाजवून वाजवून तिची चाळण केली होती. दुसरी बाजू मात्र कोरी करकरीत. कोणी ऐकलीच नव्हती ना!

यावर मी फार दिवस जळलो. माझा रोज उपयोग झाला म्हणून मी झिजलो. ते पडून राहिलं म्हणून तरुण राहिलं. आणि आता सगळे म्हणणार, बिचारं, कोणी त्याची कदर केली नाही! अहो, माझ्या आवाजाने या शेडमधल्या माणसांचे कान गेले. मला सगळ्यांनी ऐकलं. पण माझी कोणी कधी

थांबा. कांडी.

काय सांगत होतो? कदर. असो.

ज्याचा हेवा वाटतो त्याला आपण फार नीट बघतो. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. हेव्यात डोळे जास्तच लख्ख होतात. अप्पा रोज दुपारी ते गाणं लावत आणि मी रोज त्यात खोट शोधत असे. त्यामुळे आज अप्पांपेक्षाही मला ते जास्त पाठ आहे.

पहिला तो सूर. मी त्याला आळशी म्हणायचो. मग दिसलं की तो स्थिर नाही, अगदी हळू हळू चढतो आहे; बीमवर गुंडाळलेल्या उभ्या धाग्यांचा ताण वाढत जावा तसा. तुटायच्या जरा आधी थांबतो. तिथे ढोल सुरू होतो, आणि तो लंगडा आहे.

मला वाटलं, सापडली खोट! ठेका सातचा होता. टक टक टक, टक टक, टक टक. आम्हा मागांना हे सहन होत नाही. सात वेळा धोटा फेकला की तो परक्या घरात राहतो. डावीकडून निघाला तो उजवीकडे अडकला. आठवी फेक नाहीच. लगेच पुढची ओळ सुरू. बसव्वासुद्धा म्हणाली, "एक पाय आखूड हाय ह्याचा." मी मनात म्हटलं, शाब्बास बसव्वा!

पण रोज ऐकताना मी मनातल्या मनात धोटा फेकू लागलो. सवय, दुसरं काय. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे संपली. दुसरी ओळ उजवीकडूनच सुरू झाली, सात फेकी, आणि धोटा डावीकडे. घरी! दोन ओळी मिळून तो घरी येत होता. एक ओळ परकी, एक ओळ घरची. ठेका लंगडा नव्हता. तो घरी यायला दुप्पट वाट चालत होता.

त्यातल्या इंग्रजी शब्दांचा अर्थ मास्तरांनी अप्पांना सांगितला होता आणि अप्पांनी बसव्वाला. एक माणूस कामावरून घरी निघाला आहे, आणि त्याचं घर दर वेळी एक गल्ली पुढे सरकतं आहे.

"दारू पेला आसंल," बसव्वा म्हणाली.

मी हसलो नाही. मला धोटा दिसत होता. ज्या पोरांनी हे गाणं केलं त्यांनी अर्थ शब्दांत ठेवलाच नव्हता, पायांत ठेवला होता. शब्द कळले नाहीत तरी चालणाऱ्याला ते समजावं, अशी सोय केली होती. गिरणीत जाणाऱ्या गुरुशांतला ते समजलं होतं. आणि मला समजलं त्या दुपारी माझा इतका संताप झाला की सांगता येत नाही. वाईट गोष्टीचा हेवा करता येतो मित्रांनो, पण ती गोष्ट चांगली आहे हे कळल्यावर हेवा करणं फार जड जातं. तरी मी केला.

शेवटी शेवटी एक जागा आहे. बासरी येऊन जाते, गिटार धावतं, सगळे एकमेकांवर चढतात, आणि एकदम सगळं बंद. काही नाही. पहिल्यांदा बसव्वाला वाटलं वीज गेली. तेवढ्या वेळात तो घरी निघालेला माणूस गल्लीत उभा राहिला असावा. मग तोच पहिला सूर परत, आणि गाणं हळूच संपतं. ती रिकामी जागा मला सगळ्यात खोटी वाटायची. बंद पडणं मला माहीत आहे. त्यात काय कौतुक?

इकडे माझे दिवस भरत आले होते. नंदीशने नवे माग ठरवले, रॅपिअर. त्यांना धोटा नसतो. चांगले असतात, भराभर विणतात, माणसांचे कानही वाचतात; मी खोटं कशाला बोलू? पण जागा लागते. एक, दोन आणि चार नंबर उन्हाळ्यात गेले. हाती घेतलेला माल पुरा करायला मी एकटा उरलो. एकच माग चालू म्हणजे शेड तशी शांतच. मग अप्पा कामाच्या वेळीही डबडं माझ्या कठड्यावर ठेवू लागले. मी आणि गाणं एकाच वेळी बोलत असू आणि अप्पा त्याचं ऐकत.

त्या मंगळवारी

नाही, धागा तुटला नाही. हे सांगायला जरा जड जातं आहे, म्हणून थांबलो.

त्या मंगळवारी माझ्या डाव्या बाजूचा चामडी पट्टा फाटत आला होता. धोट्याला धक्का देतो तो पट्टा. डावीकडून फेक कमजोर पडू लागली, धोटा उशिरा पोचू लागला. खट्... ट. खट्. खट्... ट. मी लंगडत होतो. पूर्वी अशा वेळी अप्पा जेवणावरून उठत. आता ते स्टुलावर बसले होते, भिंतीला टेकून. मी आणखी लंगडलो. त्यांनी डोळे मिटले. त्यांची मान डोलू लागली. एक बोट मांडीवर पडू लागलं. चेहऱ्यावर तेच हसू, जे इतके महिने मी चोरून बघत होतो.

बसव्वा भरलेल्या कांड्या घेऊन आली. तिने माझ्याकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं, डबड्याकडे बघितलं.

"मालक, काय ऐकायलाव?"

"श्श. लांबडं लागलंय."

"कशावर लागलंय? डबड्याचा दिवाच पेटला न्हाय की!"

अप्पांनी डोळे उघडले. निळा दिवा विझलेला होता. सकाळपासून चार्जच केलं नव्हतं ते. शेडमध्ये फक्त मी वाजत होतो.

"अय्यो शिवा," बसव्वा तोंडाला पदर लावून हसत सुटली, "तीन नंबरचं रडगाणं ऐकून डोलायला लागलं मालक!"

अप्पांनी झडप घालून मला बंद केलं. पट्टा बघितला. दोन-चार दोऱ्यांवर लटकत होता. तुटला असता तर धोटा बाहेर उडाला असता, आणि समोरच बसव्वाची बसायची जागा. तिचं हसू तिथेच थांबलं. किती तरी महिन्यांनी अप्पांचा तळवा माझ्या कुशीवर आला. गरम होतो मी.

"मला वाटलं ते गाणंच हाय," ते माझ्याशी बोलले की स्वतःशी, कोण जाणे. "तू वरडत हुतास व्हय रं?"

मित्रांनो, मला त्या क्षणी काय वाटलं असेल? मिटलेले डोळे मला मिळाले होते, अखेर मिळाले होते; पण दुसऱ्याच्या नावाने. माझ्या दुखण्याला त्याचं गाणं समजून दाद मिळाली होती. लाज आणि आनंद दोन्ही एकाच धोट्यात बसून आले.

संध्याकाळी अप्पा नवा चामडी पट्टा घेऊन आले. नंदीश कपाळाला हात लावून उभा राहिला. "अप्पा, सोमवारी टेम्पो येणार आहे. भंगारात जाणाऱ्याला नवा पट्टा?"

"मग जाताना लंगडत जाऊ दे व्हय त्याला?"

"ठिवून घ्या की मालक एका कोपऱ्यात," बसव्वा म्हणाली. ती आता माझ्या बाजूची झाली होती.

"कोपरा कुठं उरलाय मावशी?" नंदीश म्हणाला. तो चिडून नव्हता बोलत. त्याने खरोखरच शेडभर नजर फिरवली, आणि कोपरा नव्हता. अप्पांनाही ते दिसलं. त्यांनी पट्टा बसवला, गाठ आवळली, आणि फोन काढून मास्तरांना लावला. "चिंत्या, परवा ये. येताना तुझा मोठा स्पीकर आण. का म्हणून इचारू नको."

काल मास्तर आले. पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला चष्मा. ते माझ्या एका बाजूला, अप्पा दुसऱ्या बाजूला.

"अरे गुऱ्या, हा खडखडाट चालू असताना गाणं काय कपाळ ऐकू येणार?"

"तुला तसं बी कुटं ऐकू आलं हुतं? तबकडी तुझ्या घरात पन्नास वर्सं पडून."

"रेकॉर्ड माझी, आणि गाणं तुझं!" मास्तर म्हणाले. हसत म्हणाले, पण तो सूर मी ओळखतो. हेवा मला लांबून ऐकू येतो.

अप्पांनी मला सुरू केलं आणि मास्तरांनी त्याला.

माझी चाल मोटरच्या हातात, त्याची त्या जुन्या तबकडीच्या. कोणीही कोणासाठी थांबणार नव्हतं. तो सूर चढू लागला. ढोल आला. मी दोनाने चाललो होतो, तो साताने. पहिल्या ओळीअखेर त्याचा पाय माझ्या पायावर पडला. दुसऱ्या ओळीला आम्ही दोघं बरोबर घरी. मग जरा फाटलो, मग पुन्हा जुळलो, मग पार वेगळ्या गल्ल्यांत गेलो. बसव्वाने कानात बोटं घातली. नंदीश दारात उभा होता. तो आत आला. मी इतकी वर्षं विणतो आहे, पण माझ्या जा-येमध्ये दुसऱ्या कोणाचं जाणं-येणं असं आडवं कधी गेलं नव्हतं.

बासरी झाली. गिटार धावलं. आणि ती जागा आली. सगळं बंद.

सगळं नाही. मी चालू होतो.

खट्. खट्. खट्. खट्.

त्या उभ्या राहिलेल्या माणसाच्या गल्लीत फक्त मी होतो. अप्पांचे डोळे तोवर मिटलेले होते. ते उघडले. माझ्याकडे बघितलं त्यांनी, पूर्वी बघत तसं, तळव्याने बघावं तसं. मला तेव्हा कळलं की मला मिटलेले डोळे नकोच होते.

मग सूर परत आला, गाणं हळूच संपलं. अप्पांनी मला बंद केलं. मास्तरांनी चष्मा पुसला. "ही मधली जागा मला भकास वाटायची रे," ते म्हणाले. "म्हणूनच मी आपणहून ही बाजू लावत नसे."

"आन आता?"

"आता लावीन."

ऐकलंत? लावीन म्हणाले. मला नाही, त्याला!

तर मित्रांनो, माझं सांगणं थोडकंच. घरात एखादी तबकडी असेल, पुस्तक असेल, माणूस असेल, तर ज्या बाजूला सगळे गर्दी करतात ती एकदा उलटून बघा. उलट्या बाजूला कोणी तरी कितीतरी वर्षं कोरं पडून राहिलेलं असतं. आणि जे रोज तुमच्या डोळ्यांसमोर झिजतं आहे, त्याच्या कुशीवर अधूनमधून तळवा ठेवा. ते लंगडू लागेपर्यंत थांबू नका. लंगडणं कधीकधी गाण्यासारखंही ऐकू येतं.

हेवा गेला का, असं विचाराल. नाही गेला. सोमवारी मी टेम्पोत चढेन, आणि ते अप्पांच्या खिशात आरामात बसून राहील, बिनसुरकुतीचं. मला वितळवतील, त्याला कोणी वितळवू शकत नाही. ते सुंदर आहे हे मला माहीत असल्यामुळे तर जास्तच जळतं.

पण यापुढे अप्पा कधीही ते लावतील, आणि शेवटाजवळ सगळं एकदम बंद होईल, तेव्हा त्यांना काय ऐकू येणार आहे ते मला ठाऊक आहे.

तेवढी जागा आता त्याची राहिलेली नाही.